रेघ राहिली, अक्षरं गेली : कुलवृत्तांत समितीला खुलं पत्र

सांगली

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सभासद,
कुलवृत्तांत समिती

आदरणीय काका-काकू, दादा-वहिनींनो,
सप्रेम नमस्कार.

कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती काढायचं ठरलं आहे आणि कागद गोळा करायला समितीची माणसं पुन्हा घरोघरी येणार आहेत, असा निरोप गेल्या आठवड्यात मिळाला. वाचून आनंद झाला आणि त्याच वेळी पोटात गोळाही आला. मागच्या वेळी काय झालं ते मला ठाऊक आहे, त्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे. हे पत्र खुलं लिहितेय, कारण सातारा आणि सांगली जिल्ह्यांत आज अनेक कुळांच्या समित्या हेच काम करताहेत आणि बहुतेक ठिकाणी चूक तीच होते आहे. माझं भांडण कोणाशीही नाही. उन्हातान्हात एसटीने फिरून ज्यांनी मागच्या वेळी कागद जमवले त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. म्हणणं एवढंच आहे की स्कॅन कोणत्या फॉरमॅटमध्ये करायचं हे या वेळी कागदाला हात लावण्याआधी ठरवा.

मी आपल्या कुळाची माहेरवाशीण. तेवीस वर्षं सांगलीत डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, स्मरणिका, कधी एखादा दिवाळी अंक. रोज कोणीतरी मोबाइलवर आलेला फोटो दाखवतं आणि म्हणतं, “ताई, एवढा मोठा करून द्या.” आणि रोज मला सांगावं लागतं की मोठा केला तर फोटो फाटेल. जी गोष्ट मी परक्या गिऱ्हाइकाला दिवसातून चार वेळा समजावते, ती आपल्याच समितीला वेळेवर सांगितली नाही, ही खंत मला आहे.

वाळवा तालुक्यातल्या आमच्या घरी पणजोबांची एक वही होती. लांबट, तेरा इंची, वर बांधलेली, पुठ्ठ्यावर विटलेलं लाल कापड. शके १८४० ची रोजकीर्द, म्हणजे इसवी सन १९१८-१९. इन्फ्लुएंझाची साथ आली ते वर्ष. जुनी माणसं तिला मानमोडी म्हणायची. त्या वहीत तेल-मीठ, बी-बियाणं, मजुरी यांच्या नोंदींमध्येच घरातल्या मरणांच्या नोंदी होत्या. दोन महिन्यांत तीन माणसं गेली. त्यातली एक पणजोबांची मुलगी, सात-आठ वर्षांची. आजी सांगायची, “तिचं नाव वहीत आहे.” आजीलाही ते पक्कं आठवत नसे, कारण ती या घरात आली त्याच्या किती तरी वर्षं आधी ती मुलगी गेली होती. आपल्या छापील वृत्तांतात पणजोबांच्या नावाखाली तीन मुलगे नावानिशी आहेत आणि पुढे लिहिलं आहे, “एक कन्या (अल्पायुषी).”

पहिल्या आवृत्तीच्या वेळी समितीने ती वही नेली, स्कॅन केली आणि व्यवस्थित परतही केली. आम्हाला त्याची पीडीएफ मिळाली. सगळ्यांना हायसं वाटलं की आता वही सुरक्षित झाली. मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. वही तेव्हा आमच्या सांगलीच्या घरी कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तेव्हा तिथे कागद नव्हता, लगदा होता.

मी मोडी शिकले ती २०२० च्या टाळेबंदीत. वाचता यायला लागल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर ती पीडीएफ उघडली. पान सापडलं. तारीख लागली. रकमाही बऱ्याचशा लागल्या. जिथे नाव असायला हवं तिथे वरची रेघ आहे, सरळ, ठसठशीत; आणि रेघेखाली पांढरं.

हे कसं घडलं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यातच आहे. मोडी लिहिणारा माणूस आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायचा आणि मग त्या रेघांना अक्षरं लटकवत जायचा. रेघ भरल्या बोरूची, काळी. अक्षरं लिहिता लिहिता बोरू कोरडा होत जातो, शाई फिकी पडते, शंभर वर्षांत ती तपकिरी होते. त्या वहीचं स्कॅन ‘ब्लॅक अँड व्हाईट’मध्ये झालं होतं. या सेटिंगमध्ये यंत्र प्रत्येक ठिपक्याला एकच प्रश्न विचारतं : काळा की पांढरा? मधलं काही चालत नाही. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जरा फिकं असलं की ते पांढरं. काळी रेघ पास झाली, तपकिरी अक्षरं नापास झाली. कागदावर ती होती, माणसाच्या डोळ्याला दिसत होती. फाइलमध्ये ती कधी गेलीच नाहीत. आता जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर ती परत आणू शकत नाही.

त्याच पानाचा आणखी एक पुरावा आहे. २०१६ साली चुलतभावाने सहज म्हणून मोबाइलवर फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता. मूळ फोटो त्याच्या जुन्या फोनबरोबर गेला; ग्रुपवरचा राहिला. व्हॉट्सअ‍ॅपने तो लहान करून पाठवलेला, लांबीला जेमतेम १६०० पिक्सेल. पान तेरा इंची; १६०० ला तेराने भागा, इंचाला सव्वाशे ठिपकेही येत नाहीत. तरी तो रंगीत आहे, म्हणून पीडीएफपेक्षा जास्त सांगतो. नाव दोन अक्षरी दिसतं. शेवटच्या अक्षराला वेलांटी आहे. पण पहिल्या अक्षरापुढे जी उभी रेघ दिसते ती कान्याची की पानाच्या घडीची, ते कितीही मोठं करून पाहिलं तरी कळत नाही. अक्षराभोवती राखाडी धुरळा आहे आणि त्यात रेघेची कड विरघळून गेली आहे. काशी, भागी, सखी, ठकी. चारही बसतात.

ग्रुपवरचे फोटो ज्या फाइल-प्रकारात येतात त्या जेपीजीची तो धुरळा ही खूण. जेपीजी १९९२ साली प्रमाण म्हणून आलं आणि ते फोटोसाठी आलं. ते चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे बारीक चौकोन पाडतं, प्रत्येक चौकोनातला ठळक चढउतार ठेवतं आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा बारीक तपशील टाकून देतं. त्यामुळे फाइल दहा पट लहान होते. आभाळ, चेहरा, शेत यांत हे खपून जातं, कारण तिथे रंग हळूहळू बदलतात. बोरूच्या अक्षराची गोष्ट उलटी आहे. तिथे एका ठिपक्यावर शाई आणि शेजारच्या ठिपक्यावर कागद. नेमका तोच तीव्र बदल जेपीजीला जड जातो, आणि टाकून दिलेल्या तपशिलाच्या जागी कडेने धुरळा उठतो. शिवाय रंगाची माहिती बहुतेक वेळा उजेड-अंधाराच्या माहितीपेक्षा जाडसर ठेवली जाते. लाल शाईने ओढलेली समासाची रेघ अशा फाइलमध्ये शेजारच्या अक्षरांवर ओघळल्यासारखी दिसते ती त्यामुळे.

जेपीजीबद्दल एक गैरसमज आहे, तोही काढून टाकते. फाइल नुसती उघडून पाहिली किंवा एका पेनड्राइव्हवरून दुसऱ्यावर कॉपी केली तर ती झिजत नाही. झिजते ती उघडून काही बदल करून पुन्हा सेव्ह केली की. आणि आपल्याकडे हे किती वेळा होतं ते मोजा. स्कॅन करणाऱ्याने एकदा सेव्ह केलं. कोणीतरी सरळ करून, कडा कापून सेव्ह केलं. कोणी उजेड वाढवून सेव्ह केलं. मग ग्रुपवर पाठवलं, तिथे आणखी लहान झालं. मग पुस्तकाची पानं लावणाऱ्याने, म्हणजे माझ्यासारखीने, तेच ग्रुपवरचं उचललं. प्रत्येक जण थोडंसंच घेतो. पाचव्या हातात पोचेपर्यंत वेलांटी गेलेली असते.

मोडीत एका रेघेला केवढं मोल आहे हे ज्यांनी जुने हिशेब वाचले त्यांना सांगायला नको. आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ५॥। म्हणजे पावणेसहा, ५॥ म्हणजे साडेपाच. स्कॅनमध्ये एक रेघ पुसट झाली की वाचणारा पूर्ण आत्मविश्वासाने चुकीची रक्कम वाचतो. न वाचता येणं परवडलं. चुकीचं वाचलं गेलं तर ते छापलं जातं आणि मग तेच खरं होतं.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य विनंती अशी : प्रत्येक कागदाची एक मूळ फाइल टिफ या फाइल-प्रकारात, रंगीत, घ्या. ती कोणी बदलायची नाही, कापायची नाही, उजळ करायची नाही. वाचायला, वाटायला, छापायला जे काही लागेल ते तिच्यावरून तयार करा.

टिफ का, तर ते काही टाकून देत नाही. १९८६ साली आल्डस नावाच्या कंपनीने ते काढलं, तेही स्कॅनरसाठीच, कारण तेव्हा प्रत्येक स्कॅनरवाल्याचा आपापला वेगळा प्रकार होता. पुढे आल्डस अडोबीमध्ये विलीन झाली, पण १९९२ ची सहावी आवृत्ती आजही चालते आणि जगभरची अभिलेखागारं मूळ प्रत म्हणून टिफच ठेवतात. आमच्या छपाईच्या धंद्यात ते रोजचं आहे. सेव्ह करताना एलझेडडब्ल्यू नावाचा पर्याय येतो, तो निवडला तर फाइल थोडी आटते आणि तरीही एक ठिपका हरवत नाही. उघडली की होती तशी. अडचण एकच, मोबाइलवर टिफ सहज उघडत नाही. त्यामुळे लोकांना वाटतं फाइल बिघडली. ती बिघडलेली नसते, ती मोबाइलसाठी नसतेच.

ज्यांच्या स्कॅनरमध्ये टिफ नाही त्यांनी पीएनजी निवडावं. १९९६ पासून आहे, तेही काही टाकून देत नाही, आणि मोबाइलवर उघडतं. पीएनजी दिलं तरी मी समाधानी असेन. दोन्ही नसेल आणि जेपीजीच मिळत असेल तर दर्जा सर्वांत वरचा ठेवून घ्या आणि ती पहिली फाइल तशीच बाजूला ठेवा. मात्र जेपीजी उघडून टिफ म्हणून सेव्ह केली की सुधारली असं समजू नका. पातळ ताक दह्याच्या मडक्यात ओतलं म्हणून त्याचं दही होत नाही. नव्या आयफोनमधून येणाऱ्या एचईआयसी फाइल काही संगणकांवर उघडत नाहीत, म्हणून फोनने काढणाऱ्यांनी आधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन साधी जेपीजी निवडावी.

आता पीडीएफ. सगळ्यांचा जीव पीडीएफवर आहे, आणि वाचायला तिच्यासारखं सोयीचं काही नाही हे मलाही मान्य. पण पीडीएफ ही पिशवी आहे. पिशवीत काय भरलंय ते वरून दिसत नाही. आत चांगलं रंगीत चित्र असू शकतं, वाईट जेपीजी असू शकतं किंवा आमच्या वहीसारखं काळं-पांढरं असू शकतं. “पीडीएफ करून द्या” एवढंच सांगितलं की दुकानदार फाइल लहान होईल असं काहीतरी भरून देतो, कारण गिऱ्हाइकाला ती मेलने पाठवायची असते. त्याचा दोष नाही. आपण मागितलं तेच त्याने दिलं.

फाइल लहान करण्याच्या या हौसेतून आणखी भयंकर प्रकार होऊ शकतो. २०१३ साली जर्मनीत डेव्हिड क्रिझेल या संगणकतज्ज्ञाने तो उघडकीला आणला. घराच्या एका नकाशात एका खोलीचं क्षेत्रफळ २१.११ चौरस मीटर लिहिलं होतं. ऑफिसातल्या मशीनमधून निघालेल्या प्रतीत ते १४.१३ झालं होतं. प्रत पुसट नव्हती, आकडे स्वच्छ आणि ठसठशीत होते, फक्त चुकीचे. जेबिग-टू नावाची दाबण्याची पद्धत एकसारखे दिसणारे आकार शोधते, त्यातला एकच साठवते आणि बाकीच्या जागी तोच चिकटवते. दुसऱ्या कागदांत बारीक अक्षरातले सहा आणि आठही तिला एकच वाटले. हे सातबाऱ्याच्या, फेरफाराच्या, सर्व्हे नंबरच्या कागदावर झालं तर काय होईल याचा विचार करा. आपल्या घराण्यात बांधावरून तीन पिढ्या कोर्टात गेल्या आहेत.

रंगीतच का, हा प्रश्न मागच्या बैठकीत एका काकांनी विचारला होता : “कागद काळ्या शाईचा, मग रंग कशाला?” काका, जुन्या कागदावर काळं असं फारसं काही नसतं. शाई तपकिरी, कागद पिवळा, पाण्याचा डाग तांबूस, वाळवीचं भोक गडद. यंत्राला रंग दिसला तरच शाई आणि डाग वेगळे काढता येतात. अपशिंगे मिलिटरी गावातल्या एका घरातून दुसऱ्या महायुद्धातलं डिस्चार्ज सर्टिफिकेट माझ्याकडे आलं होतं. पलटणीच्या जांभळ्या शिक्क्याखाली निळ्या शाईत सही. रंगीत स्कॅन होतं म्हणून जांभळा रंग बाजूला करून सही वाचता आली आणि तारीखही. तेच काळं-पांढरं असतं तर तिथे एक काळा गोळा असता. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या निमित्ताने मोडी कागद घेऊन कितीतरी लोक माझ्याकडे येतात. एका शब्दावर त्यांचं बरंच काही अवलंबून असतं, आणि दहातल्या सहा-सात जणांच्या मोबाइलवर ‘स्वच्छ’ केलेली पांढरीधोप प्रत असते. मोबाइलमधली स्कॅनची अ‍ॅप आपण न सांगता पार्श्वभूमी पांढरी करून टाकतात. त्यात ‘ओरिजिनल’ असा पर्याय असतो, तो निवडायचा. एवढ्याने अर्धं काम होतं.

रिझोल्यूशनबद्दल थोडक्यात. छापील आणि ठसठशीत कागदाला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, पुरतं. मोडीला, पेन्सिलीला, पुसट शाईला ४००. पासपोर्टएवढ्या फोटोला ६०० किंवा त्याहून जास्त, कारण तो मोठा करून छापायचा असतो. स्कॅनरमधलं ‘शार्प करा’, ‘रंग आपोआप सुधारा’, ‘पार्श्वभूमी काढा’ हे सगळं बंद. आणि जुने कागद वरून आपोआप ओढून घेणाऱ्या मशीनमध्ये घालू नका. काचेवर एकेक ठेवा. फाटलेल्याला सेलोटेप नको. लॅमिनेशन तर अजिबात नको, त्याने कागद आतल्या आत भाजून कायमचा अडकतो.

आता जागेचा प्रश्न, कारण बैठकीत हाच येणार. ए-फोर आकाराचं एक पान ३०० डीपीआयला स्कॅन केलं की २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके होतात. रंगीत असेल तर प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे पानाला साधारण २६ एमबी. ४०० डीपीआयला ४६ एमबी. ऐकायला हे प्रचंड वाटतं. पण मागच्या वेळी आपल्याकडे जमली किती पानं? साधारण बाराशे. बाराशे पानं ४०० डीपीआयने, रंगीत, काहीही न दाबता घेतली तरी सगळी मिळून ५६ जीबी होतात. साधा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. संमेलनात एका वेळच्या जेवणाला बासुंदी की जिलेबी यावर आपण जेवढा वेळ आणि पैसा घालवतो त्याच्या कितीतरी कमी खर्चात चार पिढ्यांचे कागद पूर्ण रूपात राहतात. मागच्या वेळची आपली पीडीएफ सगळी मिळून ९० एमबी होती. वाचवलेल्या जागेत काय काय गेलं ते मी वर लिहिलं आहे.

पेनड्राइव्हवर मात्र विसंबून राहू नका. तो ने-आण करायला चांगला, सांभाळायला नाही. मूळ फाइलींच्या तीन प्रती करा. एक हार्डडिस्क समितीच्या कार्यालयात, एक प्रत इंटरनेटवरच्या साठवणीत, आणि एक हार्डडिस्क नदीपासून लांब. सांगलीत राहून हे मी कळकळीने सांगते. २००५, २०१९, २०२१, तीन वेळा पाणी घरात आलेलं मी पाहिलं आहे. विट्याला, जतला आपली भावकी आहे; तिसरी डिस्क त्यांच्या कपाटात जाऊ द्या, आणि वर्षातून एकदा ती जोडून फाइली उघडतात का ते बघा.

फाइलींच्या नावांकडेही लक्ष हवं. मागच्या वेळच्या फोल्डरमध्ये ‘स्कॅन १’, ‘स्कॅन २’, ‘नवीन स्कॅन’, ‘नवीन स्कॅन फायनल’ अशी नावं आहेत. गाव, घर, साल आणि पान क्रमांक एवढं नावात आलं तरी शंभर वर्षांनी कोणाला तरी कळेल. साल लिहिताना शके की इसवी ते लिहा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, वर्षअखेरीच्या दोन-तीन महिन्यांना ७९. आणि जिल्ह्याबाबत एक चूक झाली आहे. आमच्या घरच्या चार कागदांवर “तालुके वाळवे, जिल्हे सातारा” असं आहे म्हणून ते सातारा शाखेच्या फोल्डरमध्ये गेले. सांगली जिल्हा १९४९ साली झाला, तोही आधी दक्षिण सातारा या नावाने. सांगली हे नाव १९६० चं. त्याआधीच्या वाळव्याच्या, तासगावच्या, खानापूरच्या कागदांवर सातारा असणारच. ते कागद सातारा शाखेचे होत नाहीत. अशी आणखी किती घरं चुकीच्या शाखेत गेली असतील ते दुसऱ्या आवृत्तीआधी एकदा तपासायला हवं.

“एवढं सगळं कशाला, शेवटी छापायचं तर पुस्तकच आहे ना?” असंही कोणी म्हणेल. पुस्तकात आज आपण जे वाचू शकतो तेवढंच येईल. जे आज वाचता येत नाही ते उद्याचा कोणीतरी वाचेल. आपल्याच भागातली गोष्ट आहे. मेणवलीच्या वाड्यातलं नाना फडणिसांचं दप्तर इतिहाससंशोधक द. ब. पारसनीसांच्या हाती लागलं, त्यांनी साताऱ्याला मोठा संग्रह उभा केला, आणि पुढे तो पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. वि. का. राजवाडे तर दप्तरांसाठी गावोगाव हिंडले. त्या पिढीने कागदांच्या नकला करून घेतल्या, त्या नकलांत चुकाही झाल्या असतील, पण मूळ कागद राहिला तिथे पुढच्या माणसाला पुन्हा पाहता आलं. आपल्या घरांत मूळ कागद राहणार नाहीत. जुनी घरं पाडून स्लॅबची होताहेत, माळे जाताहेत, माळ्यावरच्या ट्रंका रद्दीवाल्याकडे जाताहेत. बहुतेक कागदांच्या बाबतीत स्कॅन हाच पुढच्यांसाठी मूळ कागद असणार आहे. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिपींच्या जागतिक प्रमाणात, जागा मिळाली. उद्या यंत्र मोडी वाचू लागेल, तेव्हा त्याच्यासमोर ठेवायला आपल्याकडे अक्षरं असायला हवीत.

काम माझ्यावर टाका. माझ्याकडे काचेचा स्कॅनर आहे, ए-थ्री कागद मावतो. लांब वह्या दोन भागांत घेऊन जोडता येतात. संमेलनाच्या आधीचे चार रविवार मी देते. सातारा शाखेच्या मंडळींना सोयीचं व्हावं म्हणून कराडला कोणाच्या घरी बसायचं म्हटलं तर स्कॅनर गाडीत घालून तिथे येईन. दोन मुलं मदतीला द्या, एक पान उलटायला आणि एक नोंद करायला. मुलींना पाठवलंत तर आणखी बरं; आपल्या वृत्तांतात मुलींची नावं कशी गळतात हे त्यांना तिथेच दिसेल, आणि त्या ती शोधून काढतील.

आता शेवटची गोष्ट, माझ्या स्वतःच्या घराची. पहिल्या आवृत्तीच्या वेळी स्कॅनिंग केलेल्या मुलाशी मागच्या महिन्यात माझं फोनवर बोलणं झालं. त्याला आठवतं तसं, सुरुवातीची काही घरं त्याने रंगीत टिफमध्ये घेतली होती. फाइली फार मोठ्या होतात म्हणून समितीतून सांगणं आलं आणि मग त्याने त्यांच्याच काळ्या-पांढऱ्या पीडीएफ केल्या. रंगीत फाइली त्याने एका हार्डडिस्कवर टाकून दिल्या होत्या. काळी डिस्क, वर पांढरी पट्टी आणि पट्टीवर लाल स्केचपेनने आपल्या कुळाचं नाव. ती त्याच्याकडे नाही. समितीत कोणाच्या तरी घरी दिली, कोणाच्या ते त्याला आठवत नाही. वाळवा तालुक्यातली घरं सुरुवातीचीच होती.

तेव्हा प्रत्येक सभासदाने कृपा करून आपापली कपाटं, टीव्हीखालचे खण, जुन्या संगणकाची खोकी एकदा बघावीत. डिस्क सापडली आणि जोडून चालली नाही तर ती कोणी उघडू नका, आपटू नका, पुन्हा पुन्हा जोडून बघू नका; तशीच माझ्याकडे द्या, मी माहितीतल्या माणसाकडे नेईन. चालली तर त्यातलं काहीही न हलवता आधी फक्त एक पान मला पाठवा. आमच्या वहीचं सत्तेचाळिसावं पान, वरून सहावी ओळ. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवणार असाल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आपली,
वाळव्याच्या घरची लेक